मशीनला टोपडं

खोकं उघडायच्या आधीच मिस्त्रींनी नाक मुरडलं होतं. उघडल्यावर ते मुरडलेलंच राहिलं. आत जाड पारदर्शक प्लॅस्टिकचं एक लांबट झाकण होतं, ते धरून ठेवणारी पोलादी पट्टी होती, पिशवीभर नटबोल्ट होते आणि एक पुस्तिका होती. पुस्तिका मिस्त्रींनी न उघडताच भुशाच्या पोत्यावर फेकली. पुस्तक वाचून बोल्ट आवळणाऱ्यांतले ते नव्हते म्हणे. मग झाकण दोन बोटांत, अंगापासून लांब धरून त्यांनी सगळ्यांना दाखवलं.

"टोपडं आणलंय मशीनला," ते म्हणाले. "झबलं सूनबाई घरीच शिवतील."

सगळे म्हणजे दोघं. दारातल्या स्टुलावर बसलेला पॉलिशवाला आणि टेबलापाशी फळीवर खुणा करत उभी असलेली सून. पॉलिशवाला हसला, कारण न हसल्यास मिस्त्री तोच विनोद पुन्हा सांगत. सून हसली नाही. ती शिंप्याची मुलगी होती, आणि झबल्यांचे, काजाबटणांचे, अस्तरांचे सगळे विनोद लग्न झाल्यापासून तिचे ऐकून झाले होते.

मिस्त्रींना गल्लीत दहाबोटे म्हणत. गोल पात्याच्या करवतीवर अडतीस वर्षं काढून दहाची दहा बोटं शाबूत राहिलेला माणूस या धंद्यात सहसा सापडत नाही, म्हणून. नवं गिऱ्हाईक आलं की कामाचा नमुना दाखवायच्या आधी मिस्त्री हात दाखवत. पॉलिशवाला पूर्वी सुतारच होता. उजव्या हाताची तीन बोटं मशीनला देऊन तो ब्रशाकडे वळला. त्याच्यासमोर हात पसरून दाखवण्यात मिस्त्रींना विशेष गोडी वाटे. माणूस म्हणून ही काही फार थोर सवय नव्हती, पण मिस्त्री थोर आहेत असं मिस्त्रींशिवाय कोणी म्हणतही नव्हतं.

हे पात्यावरचं झाकण, म्हणजे गार्ड, मागवलं सुनेनं. मुलगा दिवसभर लोकांच्या घरी कपाटं बसवत हिंडायचा; कारखान्यात खुणा, जोडणी, घासकाम तीच करायची, आणि आता तिला कापायचंही होतं. मुलगा म्हणाला, काप, पण गार्ड लावून. आणि गार्ड एकदा बसलं की मग त्याच्याशिवाय कोणीही कापायचं नाही. हे "कोणीही" त्यानं जेवताना, ताटातून मान वर न करता म्हटलं. मिस्त्रींनी उचललेला घास पुन्हा ताटात ठेवला.

त्याला कारण होतं, आणि ते फक्त आपल्यालाच ठाऊक आहे अशी मिस्त्रींची समजूत होती. दोन वर्षं झाली, त्यांना रेघ दिसत नव्हती. कडेचं सगळं दिसे: दार, खिडकी, माणसं, कोण कामचुकारपणा करतंय तेही. पण जिकडे नजर रोखावी नेमका तिथेच, मधोमध, एक धुरकट डाग बसे आणि पेन्सिलची रेघ त्यात बुडून जाई. डॉक्टरकडे ते गेले नव्हते. डोळ्यांचे डॉक्टर आणि चष्म्याचे दुकानदार आतून मिळालेले असतात, असं त्यांचं संशोधन होतं. त्याऐवजी त्यांनी अंगठा वापरायला सुरुवात केली. योगायोग असा, की त्याच सुमारास सुनेनं पेन्सिल सोडली आणि माहेरचं शिंप्याचं दातेरी चाक आणलं. फूटपट्टी लावून ते चाक दाबत फिरवलं की फळीवर बारीक टिंबांची रांग उमटायची. मिस्त्री डावा अंगठा पात्याच्या दातांसमोर जेमतेम दोन बोटांवर टेकवत, ती रांग नखाखालून सरकू देत, आणि उजव्या हातानं फळी पुढे ढकलत. रांग नखाखालून हलली की फळी तेवढी वळवायची. काप केसभरही चुकत नसे. बघणारे म्हणत, हात बघा मिस्त्रींचा, न बघता कापतो माणूस. यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

या चाकाची त्यांनी कधी कदर केली, असं मात्र नाही. उलट रोज टिंगल. लाकडाला अस्तर लावायचंय का, फळीला चुण्या घालणार का, दारं फाडून परकर शिवायचा बेत आहे का. सून ऐकून घ्यायची आणि चाक फिरवत राहायची.

आता गार्ड बसलं की अंगठा दातांपाशी पोचणार नव्हता. अंगठा पोचला नाही की मिस्त्री मशीनवरून उठले, आणि उठल्यावर उरलं काय, तर दारातलं दुसरं स्टूल. पॉलिशवाल्याच्या शेजारचं. एकही बोट न गमावता त्या स्टुलावर जाऊन बसायचं, ही कल्पनाच त्यांना सोसवत नव्हती.

गंमत अशी की गार्ड बसवायला मिस्त्रीच हवे होते. मशीन त्यांच्याइतकंच जुनं आणि आडमुठं. हे नव्या जमान्याचं टोपडं बसवायला त्याच्या मागच्या लोखंडात भोकं पाडावी लागणार होती, आणि त्या मशीनच्या पोटात हात घालायची दुसऱ्या कोणाची छाती नव्हती. मिस्त्रींनी आढेवेढे घेऊन होकार दिला आणि वर अट घातली. पहिलाच काप बिघडला तर टोपडं भंगारात. सून म्हणाली, ठीक आहे बाबा. मिस्त्री मनातल्या मनात हसले, कारण काप बिघडवणं आता त्यांच्याच हातात होतं.

त्यांनी प्लग काढला, पात्याभोवतीची पत्र्याची झाकणी उचकटली आणि मागच्या बाजूला दोन भोकं पाडली. चाचपत काम करण्यात ते एव्हाना तरबेज झाले होते. गार्डची सगळी मेख त्या पोलादी पट्टीत होती. ती पात्याच्या मागे, बरोबर त्याच रेषेत उभी राहते. कापलेली फळी तिच्या दोन अंगांनी पुढे निघून जाते आणि मिटून पात्याला आवळत नाही. पट्टी रेषेत असेल तर लाकूड अलगद सरकतं. थोडी जरी बाजूला असेल तर फळी येऊन तिच्यावर आपटते आणि अडते. हे मिस्त्रींना पुस्तिका न वाचता कळलं, इतकं त्यांना लाकूड कळत होतं. म्हणून डाव्या बोल्टाला जिथे एक वायसर, म्हणजे लोखंडी चकती, पुरे होता, तिथे त्यांनी दोन घातले.

वर झाकण चढवलं, नट आवळले आणि सगळं फडक्यानं पुसून काढलं, अगदी मन लावून. बेत सोपा होता. पहिली फळी ते स्वतः घालणार, ती अडणार, लाकूड करपून धूर निघणार, आणि ते बाजूला होऊन कपाळाला हात लावणार. अडलेली फळी कशी सोडवायची हे त्यांच्या हातांना झोपेतही ठाऊक होतं. धोका कोणालाच नव्हता.

पण फळी उचलली सुनेनं.

"पहिली मी घालते, बाबा," ती म्हणाली. "माझ्यासाठीच आणलंय ना."

नाही म्हणायला कारण हवं, आणि जे होतं ते सांगण्याजोगं नव्हतं. सुनेनं बाह्या वर सारल्या, केस घट्ट बांधले, प्लग लावला, फळी टेबलावर ठेवली आणि नेमकी फळीच्या मागे उभी राहिली, पोट फळीच्या टोकासमोर. नवशिकी माणसं उभी राहतात तशीच. फळीच्या एका अंगाला उभं राहायचं, हे तिला मिस्त्रींनी शिकवायला हवं होतं. पण इतक्या दिवसांत त्यांनी तिला फक्त विनोद ऐकवले होते.

डोळ्यांपुढे डाग होता, तरी पुढचं त्यांना लख्ख दिसलं. फळी पट्टीला अडणार. ही काही घाबरून मागे हटणारी नव्हे. ही जोर लावणार. आणि मग पातं ती फळी उचलून मागे भिरकावणार, थेट पोटात. असं झालेलं त्यांनी एकदा पाहिलं होतं. तो माणूस पुन्हा कामावर आला नाही.

आणि तरीही, खरं सांगायचं तर, ते क्षणभर गप्प राहिले. बसू दे एक दणका, पुन्हा मशीनकडे फिरकणार नाही, असा विचार दहाबोट्यांच्या डोक्यात येऊन गेला. त्या एका क्षणाबद्दल त्यांनी पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही, आणि करूही नये.

सुनेनं खटका दाबला. पातं गरगरलं, आवाज चढला, फळी पुढे निघाली. दातांनी पहिलं बोटभर लाकूड कापलं असेल नसेल, मिस्त्रींनी धावत जाऊन भिंतीतला प्लग उपटला.

पातं कुरकुरत थांबलं. पॉलिशवाला स्टुलावरून अर्धा उठला होता. सून मिस्त्रींकडे बघत होती.

"पट्टी वाकडी आहे," मिस्त्री म्हणाले.

"बसवलीत तर तुम्हीच."

"मीच बसवली. मुद्दाम."

पॉलिशवाला पुन्हा खाली बसला. मिस्त्रींच्या तोंडून मिस्त्रींचीच चूक तो उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होता, आणि ती नीट बसून ऐकण्यासारखी होती. मिस्त्रींनी दोन वायसरांची हकिकत जमिनीकडे बघत सांगितली, जणू कोणा तिसऱ्याच माणसाची चहाडी करत असावेत. सुनेनं पाना घेतला, डावा बोल्ट सैल केला आणि जादा वायसर काढला. मग लोखंडी फूटपट्टी पात्याला आणि मागच्या पट्टीला एकदम टेकवून, एक डोळा मिटून, दोन्ही एका रेषेत आल्याची खात्री केली आणि बोल्ट आवळला. पोत्यावर फेकलेली ती पुस्तिका तिनं केव्हा वाचली कोण जाणे. काढलेला वायसर तिनं मिस्त्रींच्या तळहातावर ठेवला.

"आता सांगा, उभी कुठे राहू?" तिनं विचारलं.

शिव्या दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. त्यांनी तिला दंडाला धरून डाव्या अंगाला सरकवलं, फळीच्या वाटेत कोणी पोट ठेवतं का म्हणून पुटपुटले आणि प्लग लावला. फळी गेली. कुठे अडली नाही, धूर नाही, आवाजात खरखर नाही. मिस्त्रींनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. चूक सापडली नाही. शोधली मात्र कसून.

इथे तरी माणसानं गप्प बसावं. पण झालेल्या फजितीवर उतारा म्हणून मिस्त्रींना स्वतः एक काप करून दाखवावासा वाटला. सर जरा, म्हणत ते मशीनपाशी गेले, दुसरी फळी ठेवली, टिंबांची रांग नखानं शोधली आणि अंगठा सवयीनं पुढे नेला. टक्. नख प्लॅस्टिकवर आपटलं. पुन्हा नेला. टक्. त्यांनी फळी थोडी डावीकडे केली, थोडी उजवीकडे केली, परत होती तिथे आणली. खटक्याकडे हात काही जाईना.

सून जवळ आली आणि पॉलिशवाल्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलली.

"टिंबं लागत नाहीत ना आता बोटाला?"

मिस्त्रींनी अंगठा मुठीत मिटून घेतला.

"आमच्या अण्णांचंही असंच झालं होतं," ती म्हणाली. "शेवटी शेवटी त्यांना कापडावरची खडूची रेघ दिसायची नाही. कोणाला सांगितलं नाही त्यांनी. मी हे चाक फिरवून द्यायचे आणि ते बोटानं चाचपत कापायचे. पण ती कात्री होती, बाबा. हे पातं आहे. रोज तुमचा अंगठा तिथे बघायचे आणि हातातलं घासकाम तसंच राहायचं."

मिस्त्रींना कळायला वेळ लागला, पण कळलं तेव्हा सगळं एकदम कळलं. लग्नानंतर तीन वर्षं ती पेन्सिलनंच रेघा मारत होती. पेन्सिल सोडली ती त्यांना रेघ दिसेनाशी झाली तेव्हा, त्यांच्यासाठी. आणि दहाबोटे, गल्लीतले सगळ्यांत हुशार कारागीर, त्याला योगायोग समजून बसले. दोन वर्षं ज्या काठीच्या आधारानं ते चालत होते, तिलाच रोज सकाळ-संध्याकाळ लाथा हाणत होते. झबल्याचा विनोद तर आज सकाळचाच. त्यांना लाज वाटली, कानाच्या पाळ्या तापेपर्यंत वाटली, आणि ती लपवायला तिथे भुशाशिवाय काही नव्हतं.

त्यांनी फळी सोडली आणि मशीनपासून बाजूला झाले. दारात पॉलिशवाल्यानं शेजारचं स्टूल पायानं जरा पुढे सरकवलं. इतक्या वर्षांचे टोमणे एका वाक्यात परत करायची अशी संधी त्याला पुन्हा मिळाली नसती, पण तो ब्रशाचे केस विंचरत राहिला.

सुनेनं पुढची फळी टेबलावर घेतली, फूटपट्टी लावली आणि दातेरी चाक उचललं. मिस्त्रींनी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"आता पेन्सिलनं रेघ मारत जा," ते म्हणाले. "कापणाऱ्याला दिसते ना रेघ? मग उगाच लाकडाला भोकं कशाला पाडायची."

चाक त्यांनी खिशात टाकलं, त्या वायसराशेजारी, आणि दारातल्या दुसऱ्या स्टुलावर जाऊन बसले.