अर्धं कव्हर

"कड चाकाला सामोरी द्यायची नाही. पाठमोरी जाऊ दे. सामोरी गेली की चाक वस्तू हिसकावून घेतं, आणि मग ती कुणाच्या कपाळात बसेल ते सांगता येत नाही."

सासऱ्यांना जाऊन वर्ष होत आलं तरी हे वाक्य तिला रोज एकदा तरी ऐकू येई. आत्ताही तिने मनगट किंचित वळवलं, पॉलिशला आलेल्या ब्रेकच्या लिव्हरची कड फिरत्या कापडी चाकापासून खाली उतरवली आणि मगच लिव्हर टेकवला. काळा मळ पुढे सरकत गेला आणि त्याच्या मागून ॲल्युमिनियम उजळत आलं.

गॅरेजवाला दारात उभा होता. चाक थांबेपर्यंत आत यायचं नाही हे त्याला ठाऊक होतं. तिने बटण बंद केलं तसा तो आला आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी त्याने टेबलावर ठेवलं.

"वहिनी, एवढं बघा. कुणाचं ते विचारू नका."

तिने फडकं उलगडलं. विचारायची गरजच नव्हती. ते कव्हर सगळी गल्ली ओळखत होती.

मोटरसायकलच्या इंजिनाचं गोल कव्हर. अर्धं आरशासारखं, अर्धं राखेसारखं करडं, आणि मध्ये रेघ. तिच्या थोरल्या दिराच्या गाडीचं. लग्न होऊन ती या घरात आली त्याच्या आधीची गोष्ट, पण इतक्यांच्या तोंडून ऐकलेली की तिला ती पाहिल्यासारखी वाटे. थोरला तेव्हा इथेच बापाच्या हाताखाली शिकत होता. एकदा त्याच्या हातून कड सामोरी गेली. चाकाने लिव्हर हिसकावला आणि तो बापाच्या भुवईत बसला. रक्त पुसत बाप चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "याच्या हातात कामच नाही. आजपासून चाकाला शिवायचं नाही." त्या वेळी बाप मुलाच्याच गाडीचं कव्हर घासत होता, निम्मं झालं होतं. मुलाने ते तसंच उचललं. म्हणाला, "निम्मं राहू दे. लोकांना दिसू दे तुमचं काम." गाडीला बसवलं आणि तेव्हापासून रोज ऑफिसला जाता-येता दुकानासमोरून गाडी नेऊ लागला. बाप गेला तरी त्याने रस्ता बदलला नव्हता.

"तेल गळत होतं म्हणून उघडलं," गॅरेजवाला म्हणाला. "नवं पॅकिंग आज मिळालं नाही. म्हटलं, आयतं सुटलंय तर तुम्ही घासून टाका. मी गुपचूप बसवतो. त्यांचं लक्ष जाईस्तोवर गाडी चार चौक चमकून येईल."

"आणि लक्ष गेलं की?"

"मग मला शिव्या. त्याचं काही नाही, माझं लग्न झालंय."

ती हसली नाही. "त्यांनी स्वतः दिलंय का तुमच्याकडे, मला द्यायला म्हणून?"

"छे. तुमचं नाव काढलं तरी त्यांचं डोकं फिरतं."

"मग मी नाही घासणार."

"वहिनी, महिनाअखेरीला हे दुकानच राहायचं नाही. टायरवाल्याला शब्द देऊन बसलेत ते. जागा त्यांच्या नावावर, तुम्ही काय करणार? हे आत्ता नाही झालं तर कधीच नाही."

हे तिला ठाऊक होतं. नवरा परगावी नोकरीला. फोनवर तो "तुम्ही दोघं काय ते बघा" म्हणायचा. सासऱ्यांनी जाण्याआधी तिचा हात धरून वेगळंच सांगितलं होतं. "तो एक दिवस ते कव्हर आणून देईल. त्याने स्वतःच्या हाताने दिलं तर पुरं कर. मागायचं नाही. समजूत घालायची नाही." ती "करीन" म्हणाली होती. म्हटलेलं एकदाही मोडणं तिला जमत नसे. घरात सगळे त्याला तिचा हट्ट म्हणत.

नाही म्हणताना मात्र कव्हर तिच्या हातात आलं होतं. इतक्या वर्षांत ते तिने फक्त रस्त्यावरून जाताना पाहिलेलं.

"बघा, अजून मळत नाही," गॅरेजवाला म्हणाला. "बाबांचा हातच तसा."

तिला ते पटेना. ॲल्युमिनियमवर कुणाचाच हात इतकी वर्षं टिकत नाही. उन्हापावसात उभ्या राहणाऱ्या गाडीवर पॉलिश एक पावसाळा टिकलं तरी पुष्कळ. तिने कव्हर दाराच्या उजेडात तिरकं धरलं. चमकत्या बाजूवर बारीक रेषा होत्या, केसासारख्या, गोल गोल फिरलेल्या. सासरे कधी गोल घासत नसत. सरळ जायचं, सरळ यायचं. गोल हात शिकाऊ माणसाचा, म्हणायचे. मधली रेघही सरळ राहिलेली नव्हती. एका ठिकाणी ती बोटभर करड्या बाजूत शिरली होती आणि तिथेच थांबली होती. बोल्टच्या भोकांच्या कडांना काहीतरी पांढरं सुकून बसलेलं होतं. तिने नखाने खरवडलं आणि बोटांत चोळलं.

बाहेर पावलं वाजली. गॅरेजवाल्याचा चेहरा बदलला.

"गाडी उघडी पडलीय आणि कव्हर बेपत्ता," थोरला दारातूनच म्हणाला. "वाटलंच होतं कुठे असेल ते."

"साहेब, माझीच चूक, मी आणलं..."

"तू बाहेर हो."

गॅरेजवाला बाहेर गेला आणि समोरच्या भिंतीवरच्या पाट्या वाचत उभा राहिला.

"बापाची खुर्ची घेतलीस," थोरला म्हणाला. "बापाचं चाक घेतलंस. ज्या जागेवरून मला उठवलं तिथे तुला बसवलं, आणि तू बसलीसही. आता एवढंच राहिलं होतं."

"मी घासलेलं नाही, भाऊजी. बघून घ्या."

त्याने कव्हर तिच्या हातातून ओढून घेतलं. खिडकीशी गेला. अंगठा रेघेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला. सगळं जागच्या जागी होतं तसा त्याचा श्वास सुटला, पण आवाज उतरला नाही.

"काल नवऱ्याला फोन करायला लावलास. जागा टायरवाल्याला देऊ नका म्हणून."

"मी नाही सांगितलं."

"तू कधीच काही सांगत नाहीस. नुसती गप्प बसतेस, आणि सगळे तुझ्या मनासारखं वागायला लागतात. तेही त्यांनीच शिकवलं का तुला, घासण्याबरोबर?"

तिने लिव्हर उचलला, फडक्याने पुसू लागली.

"बोल की. मला तर ते गिऱ्हाइकांदेखत बोलले. तुला एकदा तरी बोलले का?"

"रोज बोलायचे."

"मला बोलले तसं?"

"नाही. तुम्हाला बोलले तसं नाही."

"तेच म्हणतोय मी." त्याने दुकानभर नजर फिरवली: दोन चाकं, पॉलिशच्या वड्या, घासायच्या वॉटर पेपरच्या चवडी, कोपऱ्यातला मैद्याचा डबा. "हे सगळं भंगारात जाईल. तुझ्या डोळ्यांसमोर. दुकानाची किल्ली दे."

"खिळ्यावर आहे."

तो खिळ्याकडे वळला. त्याची पाठ तिच्याकडे झाली. तिने लिव्हरवरून नजर वर केली नाही.

"मैदा कडांना राहतो, भाऊजी," ती म्हणाली. "जुन्या टूथब्रशने काढायचा. नाहीतर ओल धरतो, आणि तिथूनच धातू पांढरा पडायला लागतो."

किल्लीकडे गेलेला हात हवेतच राहिला.

"कुठला मैदा?"

ती लिव्हर पुसत राहिली. पॉलिशचा काळा ओशटपणा शेवटी मैद्याने टिपून घ्यायचा, ही या दुकानातली रीत होती. घरात बसून, दार लावून, कुणाला न सांगता घासणाऱ्यालाही ती रीत कुठून तरी माहीत असावी लागते.

त्याने कव्हर उलटसुलट केलं. बोल्टच्या एका भोकाला नख लावलं, मग दुसऱ्या. पांढरी भुकटी त्याच्या ऑफिसच्या पँटवर पडली. ती झटकायला तो विसरला. बाहेर गॅरेजवाल्याने उगाच खाकरून पाहिलं आणि पुन्हा पाट्या वाचू लागला.

"त्यांना..." थोरला अडखळला. "त्यांना दिसलं होतं का?"

तिने विचार केला. माहीत नाही ते सांगायचं नाही, हाही तिचा एक नेम होता.

"तुमच्या गाडीचा आवाज आला की ते चाक बंद करायचे," ती म्हणाली. "चष्मा लावायचे. गाडी गेली की काढायचे. मला एवढंच माहीत आहे."

"काही बोलायचे?"

"नाही."

"नाहीच बोलणार," तो म्हणाला. शब्द तेच, रागाचेच. पण ते त्याने चाकाकडे बघून म्हटले. मग कव्हर टेबलावर आलं, करडी बाजू वर करून.

"पॅकिंग उद्या मिळेल म्हणतोय तो," थोरला म्हणाला. "तोवर मी हे कुठे घेऊन फिरू?"

तिने लिव्हर बाजूला ठेवला. आता मात्र तिने वर पाहिलं.

"ठेवताय, की विसरून जाताय?"

"तुला सगळं माझ्या तोंडून वदवून घ्यायचंय."

"हो."

"ठेवतोय," तो म्हणाला. "आणि बिघडवलंस तर याद राख."

तो गेला. जाता जाता गॅरेजवाल्याला, दुसऱ्याची गाडी उघडी टाकून गल्लीभर हिंडायची लाज वाटत नाही का, असं विचारून गेला. गॅरेजवाला मुकाट मागे निघाला. दारातून त्याने एकदा खिळ्याकडे पाहिलं. किल्ली तिथेच होती.

तिने पदर कमरेला खोचला. घमेल्यात स्वच्छ पाणी घेतलं, खरखरीत वॉटर पेपर त्यात भिजत घातला. चाकाच्या बटणाकडे तिचा हात गेला नाही. कव्हर मांडीवर घेऊन ती दाराच्या उजेडात बसली, आणि करड्या बाजूच्या पार टोकाला, त्या रेघेपासून जितकं लांब जाता येईल तिथून, तिने सरळ हाताने घासायला सुरुवात केली.