बालकिशन शेठची वेलची

परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, बालकिशन शेठ आपल्या कापूस-खरेदीच्या पेढीच्या गादीवर बसून खोकत, आणि त्या खोकल्याचा त्यांना थोडा अभिमानच होता. ऐन हंगामात गाड्या रिकाम्या होऊ लागल्या की खोकला चढायचा. "धूळ हाये, जाईल," असं म्हणत शेठ पुढच्या गाडीतला कापूस ओंजळीत घ्यायचे.

तारादेवी मात्र नवऱ्याच्या या खोकल्याला पार कंटाळल्या होत्या. गावातल्या मंगल कार्यालयात श्वास तपासायचं शिबिर लागलं. नुसत्या फुंकरीवरून दमा ओळखणारं नवं यंत्र बराबर चालतं की नाही, हे पाहायला डॉक्टर मंडळी आली होती. हे कळल्याबरोबर तारादेवींनी मुलाच्या, श्रेयांसच्या, देखत शेठना गाठलं.

"दमा निघाला तर गादी श्रेयांसची. द्या जबान."

शेठनी जबान दिली. दिलेली जबान त्यांनी मागं घेतल्याचं मोंढ्यात कुणाला आठवत नव्हतं. पण देऊन बसल्यावर ते हिशेब करायला लागले. गादी गेली तर माणसानं दिवसभर घरी करायचं काय? मटार सोलायचे?

मग त्यांनी यंत्राची चौकशी केली. ते म्हणे श्वासाचा वास घेतं! हे ऐकून शेठची कळी खुलली. ओला कापूस कोरडा म्हणून खपवायचे लोकांचे सगळे डाव त्यांना तोंडपाठ होते. आज आपणच विकणाऱ्याच्या जागी आहोत, एवढाच काय तो फरक. शिबिराच्या सकाळी त्यांनी वेलची, लवंग आणि बडीशेपेचा भलामोठा बकाणा भरला आणि खिशात मुखवासाची डबी टाकून निघाले.

आता मारवाड्याच्या घरची डबी. ती उघडली आणि शेजारच्यापुढं धरली नाही, असं कसं होईल? रांगेतल्या प्रत्येकासमोर ती फिरली. नको म्हणणाऱ्याला शेठनी दुप्पट दिलं.

यंत्रावर संध्या होती. रामकिसन मास्तरांची ही मुलगी शिकून याच कामाला लागली होती. शेठनी छाती भरून फुंकर मारली. संध्यानं पडद्याकडं पाहिलं, मग शेठकडं.

"काका, काय खाल्लं?"

"काय न्हाई, बेटा. जरा मुखवास."

"उपाशीपोटी या म्हणून सांगितल्तं ना? वेलचीच्या वासात माझं यंत्र पार गोंधळून गेलं! जा, उद्या या."

पुढच्या नंदाबाई आल्या. त्यांनाही वेलचीचा वास. त्यांच्या मागचे रखमाजी आले. तोच वास. संध्या खुर्चीवरून उठली आणि सगळ्या रांगेवर एकदम चिडली.

"शेठची वेलची न खाल्लेला कुणी हाये का इथं?"

कोपऱ्यातून एक हात वर झाला. नवऱ्यावर पहारा ठेवायला आलेल्या तारादेवींचा.

"माझी एकादशी हाये. निर्जळी. काल रात्रीपासून पाण्याचा थेंब न्हाई घेतला."

"मावशी, तुम्ही बसा इथं," संध्या म्हणाली. निदान एक तरी तपासणी पदरात पडेल, एवढाच तिचा हिशेब होता.

तारादेवींनी फुंकर मारली आणि संध्यानं पडद्यावरचा आकडा पाहून शिबिराच्या डॉक्टरांना हाक मारली. मग नळीत जोर लावून फुंकायची जुनी तपासणी झाली. डॉक्टर प्रियांनी दोन्ही निकाल शेजारी ठेवून विचारलं, "मावशी, रात्री खोकला येतो?"

"येतो की. पण यांचा सुरू झाला की त्यातच माझा उरकून घेते. घरच्यांची दोनदा झोपमोड कशाला?"

रांगेतले हसले. शेठ हसले नाहीत.

"धुळीत काम करता का?"

"छे! मी कुठं मोंढ्यात जाते? रोज संध्याकाळी यांचे कपडे तेवढे दारात झटकते."

शेठनी आपल्या बाहीकडं पाहिलं. कापसाचे तंतू चिकटले होते. आयुष्यभर लोकांच्या मालातली खोट काढणाऱ्या माणसाला घरातला खोकला ऐकू आला नव्हता. त्यांना मनापासून लाज वाटली.

"यंत्र अजून चाचणीवर आहे," डॉक्टर म्हणाल्या, "पण जुन्या तपासणीतही तेच आलंय. दमा आहे. घाबरू नका, पंप नियमित घेतलात की आटोक्यात राहील."

दुसऱ्या दिवशी शेठ बिनचहाचे, बिनवेलचीचे, कोरड्या तोंडानं हजर झाले. दोन्ही तपासण्या झाल्या.

"काका, तुम्हाला दमा न्हाई," संध्या म्हणाली. "धुळीनं घसा तेवढा खराब झालाय. तोंडाला रुमाल बांधत जा."

बाहेर श्रेयांस मोटारसायकल घेऊन उभा होता. निकाल ऐकून त्याचा चेहरा जरा उतरला, पण पोरगा गुणाचा. "बसा बाबूजी, मोंढ्यात सोडतो," म्हणाला.

"तू जा. आजपासून गादी तुझी."

"पण तुम्हाला दमा कुठं निघाला?"

"जबान काय दिल्ती? दमा निघाला तर गादी सोडायची. कुणाला निघाला तर, हे कुठं ठरल्तं?"

श्रेयांसनं गाडी चालू केली, तसा शेठनी मागून आवाज दिला.

"अन् हे बघ, संध्याकाळी कपडे मोंढ्यातच झटकून यायचं. आईच्या हातात धुळीचा सदरा दिसला, तर गादी परत घेईन."