नायक जगतो ती प्रत

पुस्तकात: नायक दवाखान्यातून सुटतो, धापा टाकत जिना चढतो. नायिका दार उघडते. तो समोर उभा.

पडद्यावर: नायिका दार उघडते. समोर कुणीच नाही.

या दोन दारांच्या मधे: पटकथाकार म्हणाला, "ताई, इतकं गोड आता चालत नाही. नायक मेला तर लोक याला साहित्य म्हणतील."

लेखिकेच्या डोळ्यांपुढे नवरा आला. मास्तर. जन्मभर साहित्य शिकवत आलेला माणूस. पाहुणे आले की बायकोच्या प्रेमकथांना 'आमचा साखर कारखाना' म्हणून हशा पिकवणारा. त्यांनी एकदा तरी तोंडभरून चांगलं म्हणावं, एवढ्यासाठी तिने मान डोलावली. नायक गेला.

मालिका येईपर्यंत मास्तरांनी अंथरूण धरलं होतं.

खोलीत: शेवटचा भाग. मास्तर उशीला टेकून, औषध तसंच ठेवून बघत होते. पडद्यावर दार उघडलं. नावं सरकू लागली.

"हे काय? मारलंस त्याला?"

"समीक्षकांनी आधीच बघून वाखाणलंय. तुमचेच विद्यार्थी आहेत त्यांत."

"त्यांना काय कळतंय, डोंबल!"

"अहो, गोड शेवट म्हणजे पळवाट, असं तुम्हीच म्हणायचात ना?"

"तेव्हा मला कुठे मरायचं होतं?"

तिने टीव्ही बंद केला.

"पुस्तकात जगतो ना तो?"

"जगतो."

"मग ते वाच."

मास्तरांच्या जाडजूड ग्रंथांमागे दडपलेली प्रत तिने ओढून काढली. शेवटचं प्रकरण उघडलं.

"'हृदय' किती वेळा घालशील एका पानात?"

"गप्प ऐका हो."

ती पुढे वाचू लागली. नायक जिना चढला. मधल्या वळणावर कठड्याला धरून थांबला. तिथे मास्तरांचाही श्वास थांबल्यासारखा तिला वाटला. मग दार, मग तो, दमलेला, ओशाळं हसणारा.

पुस्तक उघडंच ठेवून तिने वर बघितलं.

"चांगलं लिहिलंयस," मास्तर म्हणाले. टोमणा नव्हता. "तो कठडा तर फारच चांगला."

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"पण आता पटत नाही गं. ते रिकामं दार बघून झालंय ना."

"पुन्हा वाचू?"

"वाच."

तिने जिन्यापासून सुरुवात केली, आवाज जरा चढवून. मास्तरांनी डोळे मिटले होते. झोप लागली नव्हती.