मागचं डावं दार

दारवाल्यांना कोणी विचारलं असतं की आयुष्यात हातून सगळ्यात चांगलं काम कोणतं झालं, तर गेल्या बुधवारपर्यंत त्यांना उत्तर देता आलं नसतं. बुधवारी दुपारी ते झालं. फिक्या निळ्या रंगाच्या एका जुन्या गाडीचं मागचं डावं दार त्यांनी एका बोटाने ढकललं आणि ते टक्कन बंद झालं. भोवतालची फट कशी, तर काडेपेटीतली काडी सरकेल एवढी. वर तेवढीच, खालीही तेवढीच. त्यांनी खरोखरच काडी घेऊन ती सगळीकडून फिरवली, आणि कोणी बघत नाही असं पाहून दार पुन्हा सात-आठ वेळा उघडून लावलं.

एका दाराचं एवढं काय कौतुक, असं कोणालाही वाटेल. पण ही गाडी ज्या कारखान्यात तयार व्हायची, तिथे दारवाल्यांनी एकतीस वर्षं मागचं डावं दार बसवलं होतं. फक्त मागचं, फक्त डावं. उजव्याला दुसरा माणूस होता आणि तो स्वतःला फार शहाणा समजायचा. पट्ट्यावरून गाडी समोर यायची, चार मिनिटं थांबायची, पुढे सरकायची. दाराचा पत्रा ज्या साच्यातून निघायचा, तो साचा पहिल्या वर्षापासूनच एका कोपऱ्यात तीन मिलिमीटर चुकलेला होता. साचा बदलायचा तर कारखाना महिनाभर बंद ठेवावा लागला असता. त्यापेक्षा दारवाल्यांच्या हातात एक लाकडी ठोकळा देणं सोपं होतं. ठोकळा फटीत अडकवायचा, दाराला हिसका देऊन बिजागरी वाकवायची, की दार जागेवर यायचं. म्हणजे जवळजवळ यायचं. पुरतं यायला अर्धा तास हवा होता आणि तो कोणाच्या बापाने दिला नसता. त्यामुळे त्या कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक गाडीचं मागचं डावं दार जरासं खाली पडलेलं असायचं आणि पहिल्या फटक्यात कधीही लागायचं नाही.

सगळा देश त्या दाराच्या नावाने बोटं मोडायचा. कारखान्यात तपासनीसाची जागा दोनदा रिकामी झाली आणि दोन्ही वेळा साहेबांनी हसत विचारलं, "तुम्ही तपासणार? दारं?" घरी आलेल्या पाहुण्याने त्या गाडीचा विषय काढला, की दारवाले पाणी आणायला म्हणून आत जायचे आणि लवकर बाहेर यायचे नाहीत.

कारखाना बंद पडला, लोक त्या गाडीला विसरले, आणि दारवाले जरा मोकळा श्वास घेतात न घेतात तोच जावयाने हा धंदा काढला. भंगारात निघालेल्या त्याच गाड्या आणायच्या, आत नवं इंजिन घालायचं, एसी बसवायचा, चामड्याची बैठक, रुंद चाकं, हवा तो रंग. लोक त्यासाठी वर्षभर थांबायला तयार होते. दारवाल्यांच्या डोक्यात हे काही केल्या शिरेना. जावयाने भिंतीवर परदेशातल्या गाड्यांचे फोटो लावले होते. प्रत्येक देशाची आपली एक घरची गाडी, चौकोनी, गरीब चेहऱ्याची, आणि आता नटूनथटून उभी.

"बघा बाबा," जावई सांगायचा, "ही तिकडे रस्त्यात बंद पडायची म्हणून प्रसिद्ध होती. ह्या दुसरीला पावसात छत गळायचं. आता हिचा मालक हिला कुणाला हात लावू देत नाही."

"म्हणजे तिकडेही लोकांची डोकी फिरलीत तर," दारवाले म्हणायचे.

तरी ते रोज वर्कशॉपमध्ये यायचे, कारण इथे दाराला वेळ मिळायचा. निळ्या गाडीच्या दारावर त्यांनी तीन आठवडे घालवले. बिजागऱ्या सरळ केल्या, चुकलेला कोपरा कापून नवा पत्रा जोडला, घासला, पुन्हा घासला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातून एक दार नीट बसलं. ही एक गाडी तरी तोंड वर करून बाहेर जाईल, एवढंच त्यांचं मागणं होतं.

ही गाडी होती परदेशात राहणाऱ्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची. त्यांच्या वडिलांची जुनी गाडी. त्यांनी बावीस कलमांची यादी पाठवली होती. इंजिन बदला, बैठक बदला, दिवे बदला. सतराव्या कलमात लिहिलं होतं, "मागचं डावं दार – काही करू नये." जावयाने त्याचा अर्थ असा लावला की त्या दाराला विजेवर चालणारी काच नको. दुसरा अर्थ कोणाच्याही मनात आला नसता. गुरुवारी त्याने बाईंना गाडीचा व्हिडिओ पाठवला आणि दाराची ती टक्क मुद्दाम दोनदा ऐकवली.

शुक्रवारी सकाळी दारवाल्यांची लेक ऑफिसातून फोन हातात घेऊन आली. वर्कशॉपचा सगळा पत्रव्यवहार तीच बघायची. तिचा चेहरा विचित्र झाला होता.

"बाबा, त्या विचारतायत दाराचं काय केलंत."

"नीट केलं म्हणून सांग."

"सांगितलं. त्या म्हणतात, नीट कोणी करायला सांगितलं होतं? आधी होतं तसं करून ठेवा. आज रात्री त्या इकडे पोचतायत, उद्या आईला घेऊन येतायत."

दारवाल्यांनी जावयाकडे पाहिलं, जावयाने लेकीकडे, लेकीने फोनकडे. कोणालाच काही सुधरेना.

"आधी म्हणजे कधी?" जावयाने विचारलं. "इथे आली तेव्हासारखं?"

"नवी असतानासारखं. लागत नव्हतं तसं."

दारवाल्यांना वाटलं, थट्टा चालली आहे. एवढ्या लांबून, एवढ्या वर्षांनी, कोणीतरी त्यांना शोधून काढून साहेबांसारखं हसतं आहे. त्यांचे कान गरम झाले.

"मी नाही करणार," ते म्हणाले. "तेव्हा वेळ नव्हता म्हणून झालं. आता मुद्दाम करू? जाणूनबुजून?"

"अहो बाबा, गाडी त्यांची आहे," जावई काकुळतीला आला.

"गाडी त्यांची असेल, जावईबापू. दार माझं आहे."

हे वाक्य आपल्या तोंडून कसं निघालं, ह्याचंच त्यांना नंतर आश्चर्य वाटत राहिलं. सगळा जन्म त्या दाराशी संबंध नाकारण्यात गेला होता.

शनिवारी अकराच्या सुमारास डॉक्टरीणबाई आल्या. सोबत त्यांची आई होती, ऐंशीच्या आसपासची, काटकुळी, हातात काठी आणि काठीचा उपयोग फक्त दाखवायला. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली. नवी चाकं पाहिली, चामड्यावरून हात फिरवला. मग मागच्या डाव्या बाजूने आत जाऊन बसली.

"ही आईची जागा," डॉक्टरीणबाई हळूच दारवाल्यांच्या लेकीला सांगत होत्या. "बाबा गाडी चालवायचे, पुढे आजोबा, मागे आम्ही भावंडं आणि दाराशी आई. ते दार तिच्याशिवाय कोणालाच लावता यायचं नाही. बाबासुद्धा हरायचे. सगळी गाडी बाबांची, पण ते दार तिचं होतं."

दारवाले चार हात लांब उभे राहून ऐकत होते आणि ऐकलेलं त्यांना झेपत नव्हतं.

आईने दाराचा हत्ता धरला. तो दोन बोटं वर उचलला आणि अंगाचा सगळा जोर लावून ओढला. पण ह्या दाराला आता उचलायची गरजच नव्हती. नसलेल्या पायरीवर पाय टाकावा तसा तिचा हात फसला, दार धाडकन आपटलं, काच थरथरली. आई दचकून आपल्या हाताकडे बघत राहिली.

तिने दार उघडलं. पुन्हा उचलून ओढलं. पुन्हा धाडकन.

"ही आपली गाडी नाही ग," ती मुलीला म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. नुसतं सांगितलं, आणि उतरण्यासाठी काठी शोधू लागली.

डॉक्टरीणबाईंनी जावयाकडे पाहिलं, आणि जावयाने मान खाली घातली. दारवाले पुढे झाले. बुधवारची ती टक्क त्यांना अजून ऐकू येत होती, आणि त्याच वेळी त्या बाईचा फसलेला हात डोळ्यांपुढून हलत नव्हता. ह्यातलं बरोबर कोणतं, हे त्यांना कळेना. आयुष्यभर जे चुकीचं म्हणून कपाळी बसलं ते बरोबर होतं का? मग बुधवारचं काय?

"बाई, जरा उतरता?" ते म्हणाले. "चार मिनिटं द्या."

मग लेकीकडे वळून म्हणाले, "घड्याळ लाव. चार म्हणजे चार. मी म्हटलं तरी वाढवून देऊ नकोस."

"बाबा, नक्की?"

"लाव म्हटलं ना."

ठोकळा त्यांच्या कपाटात होता. कारखाना बंद झाला त्या दिवशी तो त्यांनी पिशवीत घालून घरी आणला होता आणि का आणला हे कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी तो फटीत अडकवला. तीन आठवड्यांचं काम पहिल्याच दणक्यात गेलं, काडीएवढी फट एका बाजूला बोटाएवढी झाली, आणि त्यांच्या तोंडून हाय निघाली. दुसऱ्या हिसक्याला मात्र हात आपणहून चालू लागले. खांदा दाराला, गुडघा खाली, ठोकळा उलटा, एक दणका बिजागरीवर. लेक म्हणाली "तीन झाली" आणि त्यांनी ऐकलंही नाही. पुढची गाडी येते आहे ह्या घाईने त्यांनी शेवटचा स्क्रू पिळला, दार सोडलं, आणि सवयीने दोन पावलं उजवीकडे जाऊन उभे राहिले. तिथे पुढची गाडी नव्हती. रंगाचे डबे होते.

"चार," लेक म्हणाली.

आई पुन्हा आत बसली. तिने हत्ता धरला, दोन बोटं उचलला, ओढला. धप्प, आणि मागून खट्. दार लागलं.

तिचा चेहरा असा काही उजळला की डॉक्टरीणबाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

"हेच!" आई काच खाली करून म्हणाली. "हेच ते मेलं! चाळीस वर्षं शिव्या घातल्या ह्याला. कुठल्या गाढवाने बसवलंय म्हणून रोज उठून त्याचा उद्धार केलाय मी."

सगळे हसले. दारवाल्यांना आत पाणी आणायला जावंसं वाटलं. पण पाय हलले नाहीत.

"तो मीच," ते म्हणाले.

"काय तुम्ही?"

"ते गाढव. एकतीस वर्षं हीच दारं बसवली मी. मागची डावी."

आईने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आता ऐकून घ्यावं लागणार, ह्या तयारीने ते खाली बघत उभे राहिले.

"मग एकदा तरी आत बसून बघितलं होतं का, लोकांचे काय हाल होतात ते?"

दारवाले विचारात पडले. बाहेर उभं राहून त्यांनी ते दार लाखो वेळा ढकललं असेल. गाडी कधी घेता आली नाही. दुसऱ्याच्या गाडीत बसायची वेळ आली, तेव्हा ते मुद्दाम पुढे बसले होते किंवा उजवीकडे.

"नाही," ते म्हणाले.

"या मग," म्हणत ती आत सरकली. "बसा."

ते बसले. नव्या चामड्याचा वास येत होता. त्यांनी दार ओढलं. लागलं नाही. जोरात ओढलं, तरी नाही. तिसऱ्यांदा खांद्यापासून जोर लावला, तेव्हा दार चौकटीवर आपटून परत आलं. बाहेर जावई आणि लेक ओठ दाबून उभे होते. दारवाल्यांना घाम फुटला. एकतीस वर्षं.

म्हातारीने त्यांच्या पुढून हात लांब केला, हत्ता दोन बोटं उचलला आणि ओढला. धप्प, खट्.

"आधी उचलायचं, मग ओढायचं," ती म्हणाली. "कारखान्यात सांगितलं नाही का कोणी तुम्हाला?"

त्यांनी मान हलवली. आपल्याला शिव्या मिळाल्या की शाबासकी, हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं. त्यांनी हळूच दार उघडलं.

"पुन्हा एकदा दाखवता?"