गव्यांसाठी केलेला आवाज

रामनगरच्या बाजारात भिकाजी देसूरकरांचं लाऊडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान होतं. लग्न असो, जत्रा असो, निवडणूक असो, आसपासच्या वीस-पंचवीस गावांत कर्णा वाजला की तो भिकाजींचाच असायचा. त्यांची एकुलती एक मुलगी चंद्रा याच दुकानात लहानाची मोठी झाली, बेळगावात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून पुण्याला गेली आणि तिथं एका रेकॉर्डिंग स्टुडिओत सहा वर्षं राहिली. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात भिकाजींना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात कामातून गेला. चंद्रा नोकरी सोडून घरी आली. येताना सोबत कॉम्प्युटर घेऊन आली.

बाजारातल्या लोकांना वाटलं, दुकानाचा हिशेब ठेवायला आणला असेल. पण चंद्रा त्यावर आवाज करायची. समोर वाद्य नाही, माइक नाही, नुसती आकडेमोड. पुण्यात सुट्टीचे दिवस घालवून तिनं स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्याला ती भोवरा म्हणायची. त्यात एक लाट दुसरीला हलवायची, दुसरी तिसरीला, आणि तिसरी फिरून पहिलीच्याच अंगावर यायची. मग त्या सगळ्याचे कोंड्यासारखे बारीक तुकडे करून ते हवे तसे उधळायचे. निघायचं ते लोखंड म्हणावं, पाणी म्हणावं, की घसा म्हणावं, कुणाला सांगता आलं नसतं. स्टुडिओच्या मालकानं एकदा ऐकून घेतलं होतं आणि म्हणाला होता, "हे सगळं ठीक आहे, पण मला बासरी दे. हुबेहूब बासरी." चंद्राला बासरी करता येत होती. पण बासरी बासरीवाल्याकडं मिळतेच की, असं तिला वाटायचं. तिचे ते बेवारशी आवाज आजवर कुणी शेवटपर्यंत ऐकलेच नव्हते.

गणपती होऊन आठवडा झाला असेल. अणशीकडच्या डोंगरातल्या एका वाडीचा परशू दुकानात आला. जत्रेला दरवर्षी कर्णा न्यायचा, म्हणून घरच्यासारखा.

"भिकूकाका, औंदा कर्णा आत्ताच पायजे."

"आत्ता कसली रे जत्रा?"

"जत्रा गव्यांची." परशू बाकड्यावर बसला. "भात दुधात आलंय आनि रोज दिवेलागणीला कळप उतरतोय. तेरा हाईत. डबे बडवून झाले, फटाके वाजवून झाले. आता फटाका वाजला तर मान वर करून बघत्यात आनि परत खायला लागत्यात. म्हटलं कर्णा लावून आरडावं."

"त्याला पन सरावतील," भिकाजी म्हणाले.

आतल्या खोलीच्या दारात उभी राहून चंद्रा ऐकत होती. ती म्हणाली, "परशूअण्णा, जनावरांनी कधीच ऐकला नाही असा आवाज दिला तर? आणि तो दर खेपेला बदलत गेला तर?"

"असा आवाज कुटं मिळतोय अक्का?"

"मी करते," चंद्रा म्हणाली.

चार दिवस ती खोलीबाहेर फारशी आली नाही. कर्ण्यातून जाडा, खोल आवाज निघत नाही हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणून तिनं मधल्या पट्टीत खरखर भरली, तिच्या आत काहीतरी श्वास घेतल्यासारखं हलत ठेवलं, मधेच साफ शांतता, आणि शांतता अपेक्षेपेक्षा लवकर फुटेल असं बघितलं. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एकही तुकडा जसाच्या तसा दुसऱ्यांदा येत नव्हता. करता करता तिच्याच मानेवर काटा आला, तेव्हा ती हसली. बरं जमलं असं वाटून हसली.

कॅसेट एकदा कर्ण्यावर लावून बघावी म्हणून तिनं दुकानामागच्या परड्यात जोडणी केली. खुर्चीवर बसलेल्या भिकाजींनी अर्ध्या मिनिटात डावा हात वर केला.

"बंद कर. बंद कर म्हणतो न्हवं!"

तिनं बंद केलं. म्हातारा घामाघूम झाला होता.

"काय झालं बाबा?"

"काय झालं न्हाई. चाळीस वर्सं कर्णे लावतोय मी. पन ह्यो आवाज कुणाचा, त्येच कळंना."

"कुणाचाच नाही. म्हणून तर गवे पळतील."

 दुसऱ्या दिवशी ती सामान घेऊन निघाली तेव्हा भिकाजींनी बजावलं, "आजूबाजूला कोन ऱ्हातंय ते बगून लाव."

ते ती विसरली नव्हती. परशूच्या शेतात मचाणाला कर्णा बांधताना तिनं समोर बोट केलं. खाली ओढा होता, पलीकडं चढण, आणि चढणीवर झाडीत कौलांचा एक लाल तुकडा दिसत होता.

"तिकडं कोण राहतं?"

परशू तार आवळत होता. "कोन न्हाई," तो वर न बघता म्हणाला. "जुनं घर हाय."

चंद्रानं कर्ण्याचं तोंड जंगलाकडं केलं. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर ॲम्प्लिफायर जोडला, टेपरेकॉर्डर जोडला. ऊन उतरलं. रानाच्या कडेला आधी नुसती पानं हलली, मग एकामागून एक गवे बाहेर आले, काळे, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. पुढची मादी बांधावर चढली तेव्हा चंद्रानं बटण दाबलं.

तसं पळणं तिनं कधी बघितलं नव्हतं. कळप जागच्या जागी वळला, वासरं पायात आली, मोठी जनावरं एकमेकांवर आदळली, आणि बघता बघता शेत मोकळं झालं. रानात लांबवर फांद्या मोडत गेल्या. परशू मचाणावर उभा राहून ओरडला, "गेले! आई शप्पत, गेले!" त्याची बायको फुला धावत आली आणि तिनं चंद्राचे दोन्ही हात धरले.   आपला आवाज कुणीतरी ऐकला, पुरता ऐकला, असं चंद्राला पहिल्यांदाच वाटत होतं. ती वाडीवरच राहिली, रोज मचाणावर बसली, कुठला तुकडा जास्त लागू पडतो ते वहीत लिहून ठेवू लागली.

गवे दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळऐवजी पहाटे आले, आणि रानाच्या कडेनं न येता वरच्या बाजूनं, कर्ण्याच्या पाठीमागून उतरले. उजाडत होतं, आणि कळप मचाण ओलांडून खाली ओढ्याकडच्या भातात शिरला होता. परशूनं घाईघाईनं कर्णा फिरवला. तोंड आता ओढ्याकडं झालं. चंद्रानं आवाज सोडला आणि तेरा गवे उतारानं ओढ्यात घुसले, पाणी उडवत पलीकडच्या चढणीला लागले.

मग वरून एक किंकाळी आली. बाईची.

चंद्रानं टेप बंद केला.  "वैनी," परशू एवढंच म्हणाला आणि पळत सुटला.

पलीकडं परशूच्या मेलेल्या थोरल्या भावाची बायको, रुक्मा, एकटी राहत होती. ती पायवाटेवर पडली होती. गव्यानं मुद्दाम मारलं नव्हतं, कळप नुसता तिच्यावरून गेला होता. घोंगड्याची झोळी करून चौघांनी तिला तीन मैल खाली रस्त्याला आणलं, तिथून जीपनं बेळगावला. चंद्रा जीपमध्ये तिच्या उशाशी बसली होती. रुक्मा सगळ्या वाटेत एकदाही ओरडली नाही. फक्त खड्डा आला की तिचे डोळे मोठे व्हायचे.

खुबा मोडला होता. जीव वाचला.

वाडीवर कुणी चंद्राला बोल लावला नाही. "जनावर त्ये, त्येला काय कळतंय," म्हणाले. फॉरेस्टचा माणूस येऊन कागद करून गेला, त्यावरही गवाच लिहिला. रामनगरला परत आलेल्या चंद्राला भिकाजीसुद्धा काही म्हणाले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. ती कॉम्प्युटरपुढं बसायची आणि चालू न करता उठायची.

पंधरा दिवसांनी ती एकटी बेळगावला दवाखान्यात गेली. रुक्मा भिंतीकडं तोंड करून पडली होती, पायाला वजन टांगलं होतं. चंद्रानं आणलेली मोसंबी ठेवली, स्टुलावर बसली आणि सरळ सांगून टाकलं. आवाज मी केला. कर्णा मी लावला. बटण मी दाबलं.

रुक्मानं तोंड वळवलं. "तू केलंस व्हय?"

"हो."

"कशानं केलंस?"

चंद्रानं सांगायचा प्रयत्न केला. आकडे, लाटा. रुक्मा ऐकत होती, पण तिचं लक्ष दुसरीकडंच होतं.

"मी गोठ्यात व्हते," ती म्हणाली. "गवं गोठ्यात येत न्हाईत. धा येळा अंगनातनं गेल्यात, मी आत गप बसून बगितलंय. गव्याचं भ्या न्हाई गे मला. ह्यो आवाज आला आनि मला वाटलं, गोठ्यातच काय तरी हाय. म्हशीच्या मागं. माझ्या मानंजवळ. मी भाईर पळाले. पळाले ती वाटंवर आले, आनि म्होरं गवं."

 चंद्रानं हा विचारच केला नव्हता. गवे आवाजाला भ्यायले आणि बाई गव्यांखाली आली, असं ती इतके दिवस मनाशी मांडत होती. पण बाईला गोठ्यातून बाहेर काढलं ते चंद्राच्याच आवाजानं.

"पहिल्या सांजंला पन आला व्हता आवाज," रुक्मा म्हणाली. "बारीक. तवा मी देवापुढं दिवा लावून बसले. कोन सांगाय आलं न्हाई, असं असं हाय म्हनून. आला असता कोन, तर मी कशाला पळाले असते?"

"परशूअण्णांनी सांगितलं, तिकडं कोणी राहत नाही."

 "सा वर्सं झाली," रुक्मा म्हणाली. "बांधावरनं भांडान झालं त्येला. माझं नाव काडत न्हाई त्यो तोंडातनं."

परतीच्या बसनं चंद्रा अणशीच्या फाट्याला उतरली आणि चालत वाडीवर गेली. परशू खळं सारवत होता.

"तुम्ही मला खोटं सांगितलंत."

परशूनं हात धुतले. तो चिडला नाही. "अक्का, इचारलंस तवा तोंडातनं निगालं त्ये. सांगायचं म्हनत व्हतो फुलाला, तू जाऊन सांगून ये वैनीला. मग म्हटलं, कर्ण्याचं तोंड तर रानाकडं हाय. तिच्या किंकाळीनं रोज जाग येतीया मला."

"कॅसेट द्या माझी परत."

आता मात्र तो घुटमळला. कॅसेट त्यानं दिली, पण खरं तेही सांगितलं. रामनगरात कॅसेट भरून देणाऱ्या एका टपरीत त्यानं तिच्या प्रती करून घेतल्या होत्या. पाव्हण्यांनी मागितली, शेजारच्या वाड्यांनी मागितली. त्या पाव्हण्यांनी आणखी कुणाकुणाला दिल्या. कॅसलरॉकपर्यंत गेली होती कॅसेट. सगळ्यांचं भात उभं होतं, आणि सगळीकडं गवे पळत होते.

चंद्रा घरी आली आणि तिनं बापाला सगळं सांगितलं, पुण्यापासूनचं, मानेवर काटा आला तेव्हा हसले तेही. भिकाजींनी ऐकून घेतलं.

"मोडून टाकते तो प्रोग्रॅम," ती म्हणाली.

"त्यो मोडून काय हुतंय? बाजारात गेलेली कॅसेट परत येतीया व्हय?" भिकाजी म्हणाले. "कर्णा लावायच्या आदी आपन काय करतो? माइकवर बोलतो. हॅलो हॅलो करतो, गाव जागं हुतं, मग गानं. तू बोलली न्हाईस."

म्हणून तिनं नवी कॅसेट केली. आधी दोन मिनिटं माणसाचा आवाज: गवे हाकलायला आता भोंगा वाजणार आहे, घरात थांबा, वाटेवर येऊ नका, भ्यायचं कारण नाही. मग पाच मिनिटं काहीच नाही. मग तो आवाज, आधीपेक्षा सौम्य, श्वास काढून टाकलेला. बोलणं रुक्माच्या तोंडचं असावं असं तिला फार वाटलं. त्या रानातल्या लोकांना आपली बोली लगेच कळली असती. टेपरेकॉर्डर घेऊन ती दवाखान्यात गेली तर रुक्मानं हात जोडले.

"माजा आवाज त्येच्यात घालू नको गे. तुजा घाल. तू केलंयस न्हवं?"

चंद्रानं स्वतःचा घातला. मग कधी बसनं, कधी चालत, ती वाडी वाडी फिरली. जुनी कॅसेट द्या, नवी घ्या. अकरा प्रती परत मिळाल्या. किती राहिल्या ते कुणालाच माहीत नव्हतं. काही जण म्हणाले, जुनीच बरी व्हती, हिला गवं थोडं कमी भितात.

रुक्मा दिवाळीनंतर काठी घेऊन घरी आली. तिचं भात परशूनं कापून, झोडून, तिच्या अंगणात पोती लावून ठेवलं होतं. ती आत गेली तेव्हा तो गोठ्यामागून निघून गेला. बोलणं अजून नव्हतं.

कार्तिकाच्या शेवटी चंद्रा कॅसलरॉकजवळच्या, उशिराचं भात अजून उभं असलेल्या एका शेतात पोचली तेव्हा दिवस कलला होता. शेतकरी भला माणूस होता. नवी कॅसेट त्यानं आधीच कुठूनशी मिळवली होती, तिच्यासमोर ती टेपमध्ये घातली आणि पुढं पळवायचं बटण दाबून धरलं.

"अहो, ते बोलणं राहू दे की!"

"सात मिंटं कोन थांबतंय बाई? तवर धा पेंढ्यांचं भात खात्यात."

"पलीकडं घर आहे कुणाचं?"

"हाय एक म्हातारं-म्हातारी."

"सांगितलंय त्यांना?"

तो रानाकडं बघत होता. पानं हलायला लागली होती. चंद्रानं पिशवी बांधावर टाकली. "मी तिथं पोचल्याशिवाय लावू नका, पाया पडते तुमच्या," असं म्हणून ती शेतातून धावत खाली उतरली. तिचा पाय चिखलात रुतला, चप्पल तिथंच राहिली. घर अजून दोनशे पावलांवर असेल, दारात कुणीतरी सुपात भात पाखडत बसलं होतं, आणि तिच्या पाठीमागं कर्णा खरखरला.

"आजी!" चंद्रा जिवाच्या आकांतानं ओरडली. "आजी, बसून राहा! काही नाही ते! मी केलाय तो आवाज, मी!"