त्रेसष्ट नावांचं बोचकं

मित्रांनो, मी एक जुनी झिप फाइल आहे. बोचक्यात जसे पुष्कळ कपडे एकत्र बांधतात, तशा माझ्या पोटात पुष्कळ फाइली दाबून बांधलेल्या आहेत. त्रेसष्ट बायकांचे त्रेसष्ट पाळणे मी सांभाळते.

माझा जन्म विक्रोळीच्या एका बुद्धविहारात झाला. तिथे दुपारी अक्षरांचा वर्ग भरायचा. शिकवणारी माधुरी वयाने लहान आणि शिकणाऱ्या सगळ्या आज्या. कुणी कारखान्यात पॅकिंग करून निवृत्त झालेली, कुणी जन्मभर दुसऱ्यांची भांडी घासलेली. वर्गाचा एकच कडक नियम होता. आपलं नाव आपणच लिहायचं, दुसऱ्याने लिहून द्यायचं नाही. आयुष्यभर अंगठा उठवलेल्या बायकांना हा नियम फार आवडला होता.

वर्ग संपताना माधुरीने प्रत्येकीचा पाळणा रेकॉर्ड केला. बाळाचं नाव ठेवताना त्यांच्या घरी भीमरायाचा पाळणा म्हणतात, पण चाल ज्या त्या गावची. शिवाय आधी गप्पा भरपूर, त्यामुळे एकेक फाइल वीस मिनिटांची झाली. मग माधुरीने आपला लॅपटॉप पुढे सरकवला आणि प्रत्येकीने आपल्या फाइलला आपलं नाव स्वतः टाइप केलं. सुगंधाबाईंना त्याला पाऊण तास लागला.

"सुगंधा, तुझं नाव होईस्तोवर पाळण्यातलं बाळ शाळेत जाईल गं," शेजारची शकुबाई म्हणाली.

सुगंधाबाईंनी मान वर केली नाही. "जाऊ दे. मीच सोडीन त्याला शाळेत."

माधुरीने सगळं बांधून मला पेनड्राइव्हमध्ये ठेवलं. महिनाभर माझं कौतुक झालं. नंतर चार वर्षं मी विहाराच्या कपाटात मेणबत्त्यांच्या खोक्याशेजारी पडून होते.

गेल्या हिवाळ्यात सुगंधाबाई गेल्या. यंदा त्यांच्या पणतूचं बारसं निघालं. त्यांची मुलगी रेवती, म्हणजे बाळाची आजी, एकच गोष्ट धरून बसली होती. पाळणा आईच्याच आवाजात व्हायला हवा. बारसं रविवारी दुपारी चारला होतं. अडीच वाजता विहाराचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या प्रबुद्धने मला उघडलं. रेवती आणि शकुबाई त्याच्या मागे उभ्या होत्या.

पडद्यावर एकही ओळखीचं अक्षर नव्हतं. नुसती शेपटीवाली चिन्हं आणि मोडक्या चौकटींचे तुकडे.

"वाट लागली, मावशी," प्रबुद्ध शकुबाईला म्हणाला. "एकही नाव वाचता येत नाही."

शकुबाईने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "आमचंच चुकलं असणार," ती हळूच म्हणाली. "म्हातारपणी शिकलेली अक्षरं ती. मशीनला कळली नसतील." तिने चष्मा काढून डबीत ठेवला.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. आमच्या पोटात अक्षरं आकड्यांच्या रूपात असतात. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, याचा एक तक्ता असतो. माधुरीच्या लॅपटॉपने एका तक्त्याने नावं ठेवली, पण कोणता तक्ता वापरला याची खूण माझ्यावर केली नाही. विहाराच्या कॉम्प्युटरने आपला जुना तक्ता लावला आणि भलतंच वाचलं. बायकांचं बोट कुठेच चुकलं नव्हतं.

प्रबुद्धने एक फाइल लावली. दुसऱ्याच कुणाच्या गप्पा निघाल्या. दुसरी लावली, तीही भलतीच. तीन वाजायला आले.

"असं करतो, सगळ्यांना एक-दोन-तीन नंबर देतो आणि जुनी झिप उडवून टाकतो. मग सावकाश ऐकू."

"सावकाश कधी रे?" रेवती म्हणाली. "बाळ काय परत बारशाला बसणार आहे?"

शकुबाईने प्रबुद्धचा हात माउसवरच धरला. "नंबर नकोत. आमच्या नावांच्या जागी दुसऱ्याने लिहायचं नाही, ठरलंय आमचं. चुकलं असलं तरी आमचं आहे. माधुरीला फोन लाव."

माधुरी आता चारकोपला राहते. तिने आधी एकच विचारलं, "दादा, मूळ झिप आहे ना?"

"आहे. मावशीने हात धरला म्हणून."

"मग मावशीला चहा पाज. आणि ऐक, झिप उघडायचं दुसरं सॉफ्टवेअर घे. त्यात नावांसाठी यूटीएफ-आठ नावाचा तक्ता निवड आणि नव्या फोल्डरमध्ये परत उघड."

प्रबुद्धने तसं केलं. मी दुसऱ्यांदा उघडले, आणि पडद्यावर नावं उभी राहिली. रेवतीला 'सुगंधा' लगेच सापडली. शकुबाईने डबीतून चष्मा काढला. पडद्यावर बोट ठेवून तिने त्रेसष्ट नावं मोठ्याने वाचली. घाई असूनही तिला कुणी थांबवलं नाही.

"बरोबर होतं की सगळं," ती म्हणाली.

चार वाजता विहारात सुगंधाबाईंचा आवाज आला. "लागलं का गं तुझं मशीन?" सगळे हसले, आणि मग पाळणा सुरू झाला. रेवती दोरी हलवत होती. तिचे ओठ आईबरोबर हलत होते.

त्या दिवशीचा पाळणाही प्रबुद्धने रेकॉर्ड करून पेनड्राइव्हमध्ये माझ्याशेजारी ठेवला. फाइलवर आपोआप नुसती तारीख आली होती, म्हणून त्याने बाळाचं नाव टाइप करायला बोट उचललं.

"थांब," शकुबाई म्हणाली. "तारीखच राहू दे. नाव तो लिहील."

मित्रांनो, एखादं लिहिणं वाचता आलं नाही, तर लिहिणाऱ्या हाताला लगेच दोष देऊ नका. मूळ बोचकं फेकू नका, ते कसं बांधलं होतं ते बांधणाऱ्याला विचारा. माझ्याजवळ आता एक बिननावाचा पाळणा आहे. त्याचा धनी अजून मूठही नीट उघडत नाही. तो शाळेत जाऊन आपलं नाव लिहायला शिकेल, तोवर मला जपा.