गारठ्यात सरकलेला सूर

"हा तू वाजवतोयस, थॅड. मी कुठाय?" ल्यूशसने विचारलं.

रेकॉर्ड फिरत होती. ती घेऊन आलेला थॅडियस अजून दारातच उभा होता, अंगात कोट तसाच. शिकागोचा जानेवारी त्याच्या पाठीमागून आमच्या स्वयंपाकघरात शिरत होता.

"तुझं मशीन बेसूर झालेलं, भावा. प्रत्येकाचा आवाज वेगळा टिपला होता ना, कंपनीवाल्यांनी तुझा तेवढा बंद केला."

"आणि तू?"

"मी काय बोलणार? निदान रेकॉर्ड तरी निघाली."

ल्यूशस माझा धाकटा भाऊ. दिवसभर पोस्टात टपाल निवडायचा आणि उरलेला सगळा जीव सिंथेसायझरवर टाकायचा. तारांच्या जंजाळाचं ते कपाट तापल्याशिवाय सुरात येत नसे, आणि गारठलं की त्याचा सूर सरके. ही रेकॉर्ड जिची, ती मैफल आमच्या चर्चच्या तळघरात होती, तेव्हा नेमका इमारत उबदार ठेवणारा बॉयलर बंद पडला. सूर घसरू लागला. दुसऱ्या कुणी थांबून तो जुळवला असता. ल्यूशसने घसरू दिला. थॅडियस सॅक्सोफोनवर त्या सुरामागे धावला. ठरलेलं काहीच नव्हतं. लोक खुर्च्यांवरून उठले. प्रार्थनेतही मी कधी तशी थरथरले नव्हते.

आता सॅक्सोफोन एकटाच घसरत होता, भिंत चाचपडत घरी निघालेल्या दारुड्यासारखा.

"कव्हरवर नाव आहे की तुझं," थॅडियस म्हणाला.

"थडग्यावरही असतं."

कुणाला टोचून बोलणार नाही, असा शब्द मी रोज सकाळी देवाला देते.

"थॅडियस," मी हळूच म्हटलं, "माझ्या हातचं जेवून मोठा झालास. कंपनीला हो म्हणताना घशात काही अडकलं नाही का रे?"

"सिस्टर ओडेसा, तुम्ही तरी..."

"चर्चमधल्यासारखं सिस्टर म्हणू नकोस मला."

ल्यूशस उठला. त्याने मशीन सुरू केलं, नीट तापू दिलं. मग त्याने खिडकी सताड उघडली. चवळीच्या पातेल्याची वाफ विरून गेली, ओट्यावर बर्फ भुरभुरला. त्याने सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.

"माझा सॅक्स आणू का? गाडीतच आहे," थॅडियसने विचारलं.

"तुझं वाजवून झालंय. दार लाव आणि ऐक."

गारठत गारठत सूर सरकला. रेकॉर्डमधला सॅक्सोफोन त्याला शोधत आला, आणि या वेळी तो त्याला सापडला.

थॅडियसने हॅट काढली. ल्यूशसने मान वर केली नाही. मी माझी शाल आणून ल्यूशसच्या खांद्यांवर टाकली. खिडकीला हात लावला नाही.